चटका बसतो तेव्हा

आई पापड भाजायला सांगते. हातात चिमटा असतो, पण कान बाहेरच्या क्रिकेटच्या आरडाओरड्याकडे असतात. एवढ्यात बोटाला तव्याची कड लागते. मित्रांनो, पुढचा क्षण नीट आठवून पाहा. हात आधी मागे आला, की "आई गं!" आधी झाले?

हात आधी मागे आला. भाजल्याचे कळले ते त्यानंतर. म्हणजे ज्या गोष्टीमुळे आपण हात मागे घेतला असे आपल्याला वाटते, ती गोष्ट आपल्याला कळायच्या आतच हात मागे आलेला असतो! मग हात कोणी मागे घेतला?

याचे उत्तर पाठीच्या कण्यात आहे. कण्याच्या मणक्यांमधून मज्जारज्जू नावाची एक दोरी जाते. मोठ्या माणसात ती करंगळीएवढी जाड आणि साधारण ४५ सेंटिमीटर लांब असते. तिच्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात आणि हात, पाय, छाती, पोट असे करत सगळ्या शरीरात फाटे फोडत जातात. खुद्द मेंदूपासून निघणाऱ्या १२ जोड्या वेगळ्या. डोळे, कान, जीभ, चेहरा यांचा कारभार मुख्यतः त्यांच्याकडे. मेंदू, मज्जारज्जू आणि हे सारे तंतू मिळून आपली मज्जासंस्था होते. तुमच्या पाठ्यपुस्तकात चेतासंस्था, मेरुरज्जू असे शब्द असतील. नावे दोन, वस्तू एकच.

बोटाला चटका बसला की बातमी एका तंतूतून मज्जारज्जूत पोहोचते. तिथे ती दोन वाटांनी जाते. एक वाट वर मेंदूकडे. दुसरी तिथल्या तिथे, मधल्या एका छोट्या पेशीमार्फत, हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या तंतूकडे. ही दुसरी वाट जवळची. मेंदूत बातमी पोहोचून, तिचा अर्थ लागून, "अरे, भाजले!" असे होईपर्यंत मज्जारज्जूने हुकूम सोडलेला असतो. यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. वाचताना ही क्रिया साधी वाटते, पण नुसता हात आखडायचा तर कोपर वाकवणारे स्नायू आवळावे लागतात आणि त्याच वेळी कोपर सरळ करणारे स्नायू सैल सोडावे लागतात. नाहीतर दोघांची रस्सीखेच होऊन हात तव्यावरच राहील! अनवाणी पायात बाभळीचा काटा घुसला तर काम आणखी वाढते. तो पाय झटक्यात वर येतो आणि दुसरा पाय ताठ होऊन सगळा भार पेलतो. तो ताठ झाला नाही तर आपण काट्यावरून उठून बाभळीतच पडू. हे सगळे मेंदूला विचारल्यावाचून होते.

आता ही बातमी नेते कोण? मज्जासंस्था पेशींची बनलेली आहे, पण या पेशी विटांसारख्या चौकोनी नाहीत. मज्जापेशीला एक बारीकसे अंग असते आणि त्यातून लांबच लांब तंतू निघतो. पायाच्या अंगठ्याची बातमी आणणाऱ्या पेशीचे अंग कण्याशेजारी बसलेले असते आणि तिचा तंतू पार अंगठ्यापर्यंत, म्हणजे मोठ्या माणसात जवळजवळ एक मीटर लांब असतो. पेशीचे अंग लिंबाएवढे मोठे केले, तर त्याच प्रमाणात तंतू पाऊण किलोमीटरच्या वर जाईल. अशा मज्जापेशी एकट्या मेंदूतच सुमारे ८६ अब्ज आहेत.

या तंतूतून बातमी किती वेगाने धावत असेल? एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील योहानेस म्युलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञालाही हा वेग कधी मोजता येईल असे वाटत नव्हते. पण त्यांचाच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ याने १८५० साली तो मोजून दाखवला. युक्ती साधी होती. त्याने बेडकाच्या पायाचा एक स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट घेतला. तंतूला आधी स्नायूजवळ विजेचा हलका झटका दिला आणि स्नायू आखडायला किती वेळ लागतो ते पाहिले. मग तोच झटका स्नायूपासून दूर दिला. दुसऱ्या वेळी जरा उशीर झाला. तो उशीर म्हणजेच मधले अंतर तोडायला लागलेला वेळ. हिशेब केला तर वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. वीज तारेतून धावते त्या मानाने हा वेग अगदीच मामुली. लोकांना ते पटेना. आपण बोट हलवायचे मनात आणतो आणि ते हलते, यात काही वेळ जातो ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटली.

तुम्हांला मात्र ती घरीच पटवून घेता येईल. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. खालच्या टोकाशी, शून्यावर, तुमचा अंगठा आणि बोट किंचित उघडे ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती चिमटीत पकडा. पट्टी साधारण १५ ते २० सेंटिमीटर घसरलेली असेल. २० सेंटिमीटर पडायला पट्टीला एक पंचमांश सेकंद लागतो. डोळ्यापासून मेंदूपर्यंत, मेंदूत, आणि तिथून मज्जारज्जूमार्गे बोटापर्यंत, असा सगळ्या प्रवासाचा हा वेळ. (पट्टीऐवजी नोट धरून, "पकडलीस तर तुझी" म्हणायलाही हरकत नाही. नोट लहान असते. ती बहुधा तुमच्याकडेच राहील.)

तंतू तारेसारखा नसतो म्हणूनच हा वेग कमी. तंतूच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत विजेचा थोडासा दाब असतो, सुमारे ७० मिलिव्होल्ट. टॉर्चच्या सेलच्या विसाव्या हिश्शाएवढा. तंतूच्या भिंतीत अतिसूक्ष्म दारे असतात. बातमी आली की सोडियमची दारे उघडतात, सोडियमचे विद्युत्भारित कण आत घुसतात, आणि तेवढ्या जागी दाब क्षणभर उलटा होतो. त्या धक्क्याने शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पुढे सरकवतात ना, तसे हे काम. मोठ्या तंतूंवर मात्र मेदाचे वेष्टन गुंडाळलेले असते आणि ते थोड्या थोड्या अंतरावर तुटक असते. तिथे बातमी पावले टाकत न जाता एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या मारत जाते. असे सर्वांत जाड तंतू सेकंदाला १०० मीटरहूनही जास्त वेग गाठतात. वेष्टन नसलेले बारीक तंतू कसेबसे एखादा मीटर.

वेदनेच्या बातम्या दोन्ही प्रकारच्या तंतूंतून येतात, आणि याची साक्ष प्रत्येकाने काढलेली आहे. पायाचे बोट पलंगाच्या पायाला आपटते. लगेच एक तीक्ष्ण कळ येते. मग क्षणभर शांतता. तेवढ्यात आपल्याला कळून चुकते की खरे दुखणे अजून यायचेच आहे, आणि ते येतेच, ठणकत, जळजळत! पहिली कळ पातळ वेष्टनाच्या तंतूंतून, सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने येते. दुसरी बिनवेष्टनाच्या तंतूंतून रखडत. पायापासून कण्यापर्यंतचे मीटरभर अंतर तोडायला तिला जवळजवळ एक सेकंद लागतो.

आपण मग बोट चोळतो. लहान मूल पडले की आजी "मुंगी मेली बघ" म्हणते आणि गुडघा चोळते. त्यातली मुंगी खोटी, पण चोळणे खरे. स्पर्शाच्या बातम्या जाड, वेगवान तंतूंतून येतात आणि मज्जारज्जूतल्या ज्या चौकीतून वेदनेला वर जायचे असते, तिथे त्या तिची वाट काही अंशी अडवतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली हा विचार मांडला. त्यांच्या आराखड्यात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी मुख्य कल्पना टिकून आहे.

पण चटका बसला हे बोटातल्या तंतूच्या टोकाला कळते कसे? १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांनी याचा शोध लावला, तोही मिरचीच्या साहाय्याने! मिरचीतल्या तिखट द्रव्याने तंतूच्या टोकावरचे नेमके कोणते दार उघडते, हे ते शोधत होते. दार सापडले, आणि मग दिसले की तेच दार ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास नुसत्या उष्णतेनेही उघडते. आपण ठेचा खाल्ल्यावर "तोंडाची आग झाली" म्हणतो ती नुसती उपमा नव्हे. मज्जातंतूच्या दृष्टीने ती आगच. पक्ष्यांच्या शरीरातले हे दार मिरचीला दाद देत नाही, म्हणून पोपट तिखटजाळ मिरची मजेत खातो. ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात स्पर्शाची दारे शोधणारे आर्डेम पाटापूटियन हेही वाटेकरी होते.

चटका, कळ, ठणका. इतके सगळे वाचून तुमच्यापैकी एखाद्याच्या मनात येईलच, की ही दारे कायमची बंद करता आली तर किती बरे! सुई नको, दाढदुखी नको, खरचटल्याचे दुःख नको.

असा एक मुलगा होता. उत्तर पाकिस्तानात दहा वर्षांचा एक पोरगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. दंडातून सुऱ्या आरपार घालायचा, पेटत्या निखाऱ्यांवरून चालायचा. वेदना म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हते. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांच्या कानावर त्याची हकीकत आली. पण त्यांनी त्याला तपासण्याआधीच, चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास, तो एका घराच्या छपरावरून उडी मारून मरण पावला. शास्त्रज्ञांनी मग त्याच्या नात्यागोत्यातली अशीच सहा मुले तपासली. त्यांना स्पर्श कळत होता, ऊन-गार कळत होते, गुदगुल्याही होत होत्या. नव्हती ती फक्त वेदना. सहाही जणांच्या ओठांवर किंवा जिभेवर स्वतःच चावून घेतलेल्या जखमा होत्या. दोघांच्या जिभेचा पुढचा तिसरा हिस्साच उरला नव्हता. दोष सापडला तो सोडियमच्या एका विशिष्ट दारात. वेदनेच्या तंतूंतले हे दार या मुलांमध्ये जन्मापासून निकामी होते. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले.

अशी मुले जगात फारच थोडी. पण जन्मतः नव्हे, तर आजारामुळे वेदना गमावलेली माणसे आपल्या देशात लाखोंनी होती, आणि त्यांना लोकांनी गावाबाहेर काढले होते. हा आजार म्हणजे कुष्ठरोग.

त्याचे मूळ समजून घ्यायला स्वतःचे कोपर हाताळा. आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा आहे. त्याच्या मागच्या खाचेत बोटाखाली एक दोरी सरकल्यासारखी लागते. हा अल्नर मज्जातंतू. शाळेच्या बाकाची कड इथे लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, कारण करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची बातमी हाच तंतू आणतो. तळहातातल्या बहुतेक बारीक स्नायूंना हुकूमही हाच पोहोचवतो. इतका महत्त्वाचा तंतू, आणि तो इथे अगदी कातडीखाली उघड्यावर आहे! उघड्यावर म्हणून जरा थंडही.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेच्या आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ साली शोधले. हे जंतू फार सावकाश वाढतात, आणि शरीराच्या थंड भागांत अधिक. तंतूंभोवतीचे वेष्टन ज्या पेशी तयार करतात त्यांच्यातच ते ठाण मांडतात. म्हणून कोपर, मनगट, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा, चेहरा अशा ठिकाणी, जिथे तंतू कातडीजवळ येतात तिथे, ते सुजतात आणि मरतात. मग करंगळी-अनामिका वाकतात, पुढे पंजा नखीसारखा होतो, आणि बधिरपणा येतो. इथवर सगळे जंतूंचे काम. पण बोटे झडतात ती कशाने? लोक समजत की हा रोगच मांस कुजवतो. पुष्कळ डॉक्टरांनाही वाटे की या रोग्यांचे मांस "वाईट" असते, त्याच्या जखमा भरून येत नाहीत, तेव्हा शस्त्रक्रिया करून उपयोग काय?

तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे तरुण शल्यविशारद आले. त्यांचा जन्म तमिळनाडूतच झालेला. एकदा एका गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांना काही केल्या फिरेना. कुष्ठरोग झालेला एक मुलगा पुढे आला आणि त्याने ती सहज फिरवली. इतक्या किरकोळ पोराच्या हातात एवढे बळ? तेवढ्यात जमिनीवर रक्ताचा थेंब पडलेला दिसला. किल्लीने त्याचे बोट हाडापर्यंत कापले होते, आणि त्याला पत्ता नव्हता. त्याच्या अंगात आपल्याहून जास्त बळ नव्हते. आपला हात जिथे थांबतो तिथे त्याला थांबवणारे कोणी नव्हते, इतकेच.

ब्रँड आणि त्यांचे सहकारी मग प्रत्येक जखमेचा छडा लावू लागले. ही जखम कशाची? तापलेल्या भांड्याची. ही? बुटातल्या खिळ्याची, दिवसभर तो पायात होता. काही रुग्णांच्या बोटाचा तुकडा मात्र रात्रीतून नाहीसा होई आणि सकाळी कोणालाच काही सांगता येत नसे. पहारा ठेवला, तेव्हा उलगडा झाला. झोपलेल्या माणसाची बोटे उंदीर कुरतडत होते! उपाय म्हणून रुग्णांना मांजरे देण्यात आली. आणि भरून न येणारी म्हणून ठरलेली जखम प्लॅस्टरमध्ये घालून तिला विश्रांती दिली, तर ती कोणाच्याही जखमेसारखी भरून आली. मांस चांगलेच होते, फक्त त्याचा पहारेकरी मेला होता. धडधाकट तंतू असलेल्या स्नायूंच्या दोऱ्या वळवून ब्रँड यांनी वाकडे पंजे उघडे केले. रोगी पुन्हा पेन धरू लागले, हाताने भात खाऊ लागले.

आपण पंगतीत बसलो की मांडी किती वेळा बदलतो, हे कधी मोजले आहे? दुखले म्हणून नव्हे, दुखायच्या जरा आधीच आपण ती बदलतो. चालताना टाचेला थोडे लागले की भार चवड्यावर घेतो. हे आपल्या लक्षातही येत नाही. ज्यांचे तंतू मेले ते त्याच जागेवर पाऊल टाकत राहतात, आणि मैल-दोन मैलांत तिथे घट्टा, मग फोड, मग जखम.

ब्रँड पुढे अमेरिकेत कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी ठरवले, की मेलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम तंतू बसवायचे. हातमोज्यात दाब मोजणारी छोटी उपकरणे शिवली. दाब जास्त झाला की कानाशी इशारा वाजे. रुग्ण तो ऐकत, आणि हातातले काम पुरे करायचे असले की दुर्लक्ष करत. दिवा लावून पाहिला, तेच. शेवटी जिथे संवेदना शिल्लक होती तिथे विजेचा खरा झटका बसेल अशी व्यवस्था केली. तेव्हा रुग्ण हुशारीने जड काम करायच्या आधी बटण बंद करत आणि काम झाले की पुन्हा चालू करत! बरीच वर्षे आणि बराच पैसा खर्चून हा प्रयोग सोडून द्यावा लागला. आपल्या मज्जातंतूंना असे बटण नाही.

कुष्ठरोगावर आता खात्रीची औषधे आहेत. १९८१ पासून दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले तेव्हा ही सोय नव्हती. भारतात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, पण त्यानंतरही अनेक वर्षे दरसाल लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत राहिले. तेव्हा कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर लपवू नये, लगेच दाखवावे. औषधाने जंतू मरतात. पूर्णपणे मेलेला तंतू मात्र सहसा परत येत नाही.

म्हणून अशा बऱ्या झालेल्या माणसाला एक सवय लावून देतात. गरम पेला फडक्याने धरायचा. पायात चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची. आणि रोज संध्याकाळी हातपाय पाण्यात भिजवून, पुसून, तेल लावून, उजेडात बसून एकेक बोट, एकेक तळवा डोळ्यांनी तपासायचा. कुठे लाल झाले आहे का? कुठे काटा रुतला आहे का? तळव्याची मागची बाजू दिसत नाही, तेव्हा जवळ एक छोटा आरसा ठेवायचा.